सप्तपदी आणि सही : परदेशातला प्रतीकात्मक विवाहविधी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची मुलं बाहेरदेशी आहेत, असं मला मघाशी सांगण्यात आलं. म्हणजे विषय तुमच्या घरातलाच आहे.

मी फ्रँकफुर्टजवळ राहते. पौरोहित्य पुण्यात शिकले आणि तिकडे गेली काही वर्षं लग्नं लावते. म्हणजे लोक म्हणतात की मी लावते. प्रत्येक लग्नात जेवणाच्या रांगेत कुणीतरी हळूच विचारतंच, "काकू, तुम्हाला याचं लायसन्स असतं का हो?" नसतं. जर्मनीत मला लग्न लावण्याचा कवडीचाही अधिकार नाही. अधिकार असतो नगरपालिकेतल्या विवाह निबंधकाला, आणि त्या कचेरीला म्हणतात श्टांडेसआम्ट. मी जे करते त्याला तिकडच्या भाषेत 'मोकळा विवाहविधी' म्हणतात. आपण त्याला प्रतीकात्मक म्हणू. हा 'प्रतीकात्मक' शब्द यजमानांना मुळीच आवडत नाही. नाटकातलं लग्न असल्यासारखं वाटतं त्यांना. (हशा) पण नेमकं काय प्रतीकात्मक आहे आणि काय नाही, हे समजून न घेतल्यामुळे माणसं अडचणीत येतात. मी स्वतः एका कुटुंबाला आणलंय. ते सांगणार आहे, पण आधी थोडा कायदा.

जर्मनीत लग्न 'होतं' ते अशा रीतीने. वधूवरांनी एकाच वेळी, स्वतः, निबंधकासमोर हजर राहायचं. निबंधक दोघांना विचारतो, तुम्हाला एकमेकांशी लग्न करायचंय का? दोघं 'हो' म्हणतात. त्याला अट घालता येत नाही, मुदत घालता येत नाही. सह्या होतात. जर्मन कळत नसेल तर दुभाषा लागतो. साक्षीदार १९९८ पासून ऐच्छिक आहेत. वीस मिनिटांत आटोपतं सगळं. आपल्याकडची मंडळी रेशमी साड्या नेसून येतात आणि बाहेर पडताना म्हणतात, "एवढंच?" एवढंच. पण एवढंच म्हणजेच सगळं.

हे असं का झालं? फ्रान्सच्या क्रांतीत १७९२ साली विवाह धर्मसंस्थेकडून काढून नगरपालिकेकडे दिला गेला. जर्मनीत ते बिस्मार्कच्या काळात झालं, कॅथलिक चर्चशी त्याचा झगडा चालू असताना. १८७५ चा कायदा, १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या साम्राज्यात लागू. त्यात एक कलम असं होतं की नागरी विवाहाआधी धार्मिक विवाह लावणारा पाद्री शिक्षेला पात्र. ही 'आधी सही, मग देऊळ' बंदी वेगवेगळ्या रूपांत थेट २००८ च्या अखेरीपर्यंत टिकली. २००९ पासून ती उठली. २०१७ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला तेव्हा अल्पवयीनांपुरती ती पुन्हा आली. म्हणजे सज्ञान जोडप्याचा विधी मी श्टांडेसआम्टच्या आधी केला तर मला आज कुणी दंड करणार नाही. हे लक्षात ठेवा, कारण गोष्ट इथेच बिघडते.

आता आपल्याकडे या. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७. विवाह दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधींनी होतो. आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक. नोंदणी कलम ८ मध्ये आहे, आणि ती केली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. दोघंही प्रशिक्षित वैमानिक. एका संस्थेकडून दाखला घेतला, त्यावर सरकारी नोंदणी केली आणि खरा समारंभ पुढे कधीतरी ठरवला. तो झालाच नाही, त्याआधी भांडणं झाली. न्यायालय म्हणालं, विधीच झाले नाहीत, तेव्हा दाखला असूनही हिंदू विवाह झालेला नाही.

बघा कशी गंमत आहे. पुण्यात दोन हिंदूंनी सप्तपदी केली आणि सही राहिली, तर लग्न झालं. सही केली आणि सप्तपदी राहिली, तर या कायद्याखाली झालं नाही. फ्रँकफुर्टमध्ये बरोबर उलट. तीच सात पावलं, तोच अग्नी, तेच मामा मागे उभे. आणि विमानात नऊ तास बसलं की त्यांचा कायदेशीर अर्थ शून्य होतो. आपल्या आईवडिलांच्या मनात पुण्याचा कायदा असतो, जरी त्यांनी तो कधी वाचलेला नसला तरी. त्यांना वाटतं, श्टांडेसआम्ट म्हणजे 'रजिस्ट्रेशन', ते काय, नंतर सवडीने करता येतं. तिथे रजिस्ट्रेशन नसतंच. ते लग्नच असतं.

अशा दोन कायद्यांच्या मध्ये अडकलेल्या विवाहाला जर्मन न्यायशास्त्रात फार बोलका शब्द आहे, 'लंगडा विवाह'. एका देशात उभा राहतो, दुसऱ्यात पडतो. तिथल्या घटना न्यायालयाचा १९८२ चा निकाल प्रसिद्ध आहे. एका जर्मन बाईने १९४७ साली जर्मनीतच एका इंग्रज माणसाशी ब्रिटिश लष्करी पाद्र्यासमोर लग्न केलं. इंग्लंडच्या दृष्टीने ते वैध होतं, जर्मनीच्या दृष्टीने नव्हतं. नवरा गेल्यावर विधवा पेन्शन मागितली, तर उत्तर मिळालं की तुमचं लग्नच झालेलं नव्हतं. घटना न्यायालयाने शेवटी तिच्या बाजूने निकाल दिला. पण तिच्या हातात निदान एका देशाचं वैध लग्न होतं. इंग्लंडमधलं दुसरं प्रकरण पाहा. १९९८ साली लंडनच्या साउथॉल भागात एका रेस्टॉरंटमध्ये निकाह झाला. नागरी विवाह करायचं ठरलं होतं, तो राहूनच गेला. अठरा वर्षांचा संसार, चार मुलं. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा २०२० साली अपील न्यायालयाने सांगितलं की तो 'रद्दबातल विवाह' सुद्धा नव्हता. हा फरक बारीक वाटेल, पण रद्दबातल ठरला असता तर बाईला पोटगी-मालमत्तेचे दावे करता आले असते. तेही गेले.

आता माझी गोष्ट.

मुलगा नाशिकचा, मुलगी जर्मन. श्टांडेसआम्टला मुलाचा जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा कागद हवा होता. भारतीय कागदपत्रांवर आपण अपोस्टिलचा शिक्का मारतो आणि बऱ्याच देशांत तो चालतो. जर्मनीत चालत नाही, कारण भारत त्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती. तिथे कागदांची प्रत्यक्ष पडताळणी होते, म्हणजे भारतात कुणीतरी जाऊन मूळ नोंद तपासतं. शिवाय परदेशी नागरिकाला विवाहक्षमतेचा दाखला लागतो, तो भारत देत नाही, म्हणून त्यातून सूट द्यायला प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडे अर्ज जातो. महिने जातात यात. म्हणूनच तिकडची कित्येक जोडपी सरळ डेन्मार्कला जाऊन लग्न करून येतात. तिथल्या एका बेटाचा तर तो धंदाच झालाय.

यांनी डेन्मार्कचा विचार केला नाही. सप्टेंबरमध्ये हॉल ठरलेला, नाशिकहून चौदा माणसांचे व्हिसे त्याच तारखांचे, आणि कागद अडकलेले. मला फोन आला. विधी आधी करूया, सही मागून होईल. मी विचार केला, कायद्याने मनाई नाही, पोरं एकमेकांना सात वर्षं ओळखतात. हो म्हटलं. मुलाच्या वडिलांची एक विनंती होती. सही बाकी आहे हे मांडवात बोलू नका, नातेवाईक उगाच शंका काढतात. मी त्यालाही हो म्हटलं. आणि शेवटी, वातावरण इतकं छान जमलं होतं की मी मराठीत आणि जर्मनमध्ये म्हणूनही टाकलं, "आता हे दोघे पतिपत्नी झाले." टाळ्या पडल्या.

डिसेंबरात मुलगा सायकलवरून बर्फावर घसरला. डोक्याला मार, चार दिवस बेशुद्ध. उपचार थांबले नाहीत. तातडीच्या उपचारांना कुणाच्या सहीची गरज नसते. पण पुढचं काय करायचं, कुठलं ऑपरेशन, कधी, हे कुणाशी बोलायचं? जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून अशी तरतूद आहे की रुग्ण स्वतः ठरवू शकत नसेल तर पती किंवा पत्नी सहा महिन्यांपर्यंत आरोग्याचे निर्णय घेऊ शकते. डॉक्टरांनी तिच्यापुढे त्याचाच फॉर्म ठेवला. ती जर्मन मुलगी, फॉर्म नीट वाचणारी. तिने खरं सांगितलं, आमचा विधी झालाय, नोंद झालेली नाही. मग तो फॉर्म परत घेतला गेला आणि काळजीवाहक नेमण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करायचं ठरलं. तिकडून नाशिकला फोन. मुलाच्या वडिलांनी रात्री मला फोन केला आणि म्हणाले, "ताई, तीच तर त्याची बायको आहे. तुम्हीच लावलंत ना लग्न?"

यावर काय बोलणार?

चौथ्या दिवशी मुलगा शुद्धीवर आला, न्यायालयाचं काम तिथेच थांबलं, मार्चमध्ये श्टांडेसआम्टमध्ये लग्न झालं. आज दोघं मजेत आहेत. इस्पितळाचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. विधी आधी केला हे नव्हे, तर तो काय आहे हे मी लपवलं आणि वर जे वाक्य माझं नव्हतंच ते बोलले.

त्या वाक्यावर जरा थांबते. 'मी तुम्हाला पतिपत्नी घोषित करते' हे आपल्या विधीत कुठेही नाही. ते चर्चमधून सिनेमात आणि सिनेमातून आपल्याकडे आलंय. आपल्या विधीत पुरोहित काहीच घोषित करत नाही. पाणिग्रहण वर करतो. लाजाहोमात लाह्या वधू वाहते. पावलं दोघं टाकतात. साक्षी अग्नी. पुरोहित बाजूला बसून पुढचं काय ते सांगतो, एखाद्या नाटकाच्या प्रॉम्प्टरसारखा. कलम ७ वाचा, त्यातही पुरोहिताचं नाव नाही. महाराष्ट्राला हे नवं नाही: सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटजीवाचून लग्न लागलं. आणि गंमत म्हणजे जर्मन कायद्यातही विवाह निबंधक 'लावत' नाही, वधूवर करतात, तो त्यांचं म्हणणं नोंदवून घेतो. म्हणजे अधिकार नसणं ही माझ्या कामातली उणीव नाहीच. अधिकार असल्यासारखं वागणं ही उणीव.

तेव्हा आता मी काय करते? पहिल्या भेटीत विचारते, सही कधी? झाली असेल तर दाखला बघते. झाली नसेल तर दोघांशी, आणि दोघांच्या आईवडिलांशी, स्वतः बोलते; नेदरलँड्स, बेल्जियम किंवा फ्रान्समध्ये असेल तर सरळ नाही म्हणते, कारण तिथे नागरी विवाह आधी हाच आजही नियम आहे. आणि अंतरपाट धरण्याआधी दोन्ही भाषांत एक वाक्य म्हणते: या दोघांचा कायदेशीर विवाह अमुक तारखेला अमुक ठिकाणी झाला आहे, किंवा व्हायचा आहे, आज ते आपल्या माणसांसमोर आणि अग्नीसमोर एकमेकांना शब्द देत आहेत. बस. कुणाचा रसभंग होत नाही. उलट जर्मन पाहुणे सावरून बसतात, त्यांना कळतं आपण काय बघतोय.

निबंधकाचा प्रश्न मी विचारत नाही. 'तुम्हाला हिच्याशी लग्न करायचंय का' हे सकाळी विचारून झालेलं असतं, त्याची नक्कल कशाला? माझ्याकडे सप्तपदी आहे. अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू, आणि सातवं सख्य. प्रत्येक पावलाचं संस्कृत मी म्हणते, मराठी अर्थ मुलाकडची आत्या किंवा मावशी वाचते, जर्मन अर्थ मुलीकडचं कुणीतरी. पाचव्या पावलाशी काही जोडपी अडतात, त्यांना मूल नको असतं. मग आम्ही बसून बोलतो. प्रजा म्हणजे आपल्यामागून येणारे सगळेच, असं म्हणून काही जण पुढे जातात. सातव्या पावलाचं भाषांतर करताना मात्र जर्मन आजोबांचेही डोळे भरलेले मी पाहिलेत. शेवटचं पाऊल मैत्रीचं असेल असं त्यांना वाटलेलं नसतं.

कन्यादानाचं मी आधीच विचारते. बहुतेक मुली नको म्हणतात, आणि जर्मन बापाला 'दान' या शब्दाचं भाषांतर करून सांगणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. (हशा) तिथे दोन्हीकडचे आईवडील दोघांच्या हातांवर पाणी सोडतात.

मुहूर्ताचं मात्र सांभाळा. पंचांगातली वेळ भारतीय प्रमाणवेळेची असते. त्यातून उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास वजा केले की झालं, असं लोकांना वाटतं. पण लग्न-नवमांश स्थळावर ठरतात, ते तिथल्यासाठी वेगळे काढावे लागतात. एका घरी गोरज मुहूर्ताचा आग्रह होता. जून महिना. सूर्य मावळतो रात्री साडेनऊला! पंगत आधी उठली, लग्न मागून लागलं.

अग्नीची परवानगी हॉलवाल्याकडून लेखी घ्या. छतात धुराचे सेन्सर असतात, वाजले तर अग्निशमन दल येतं आणि बिल यजमानाला. मी बाहेर अंगणात लहान कुंड मांडते, दोन-चार समिधा, तूप मोजकं, शेजारी पाण्याची बादली. आत बसायचंच असेल तर समई, आणि होम नाही. तुपाच्या वातीवर लाह्या टाकून होम केल्यासारखं दाखवणं मला पटत नाही. अक्षता टाकायला लोक तयारच असतात, तांदूळ उधळायची चाल त्यांच्याकडेही आहे. फक्त कुंकवाच्या अक्षता गालिच्यावर पडू देऊ नका.

आणि ध्रुव दाखवायला विसरू नका. पुण्यात तो क्षितिजापासून जेमतेम अठरा-एकोणीस अंशांवर, इमारतींमागे लपलेला. फ्रँकफुर्टला पन्नास अंशांवर, मान वर करून बघावा लागतो. अरुंधती तर तिथे वर्षभर मावळतच नाही.

कागदांचं एक राहिलं. विधीनंतर लोक माझ्याकडे दाखला मागतात. मी देत नाही. सात पावलांचा अर्थ लिहिलेला एक सुंदर कागद देते, त्यावर शिक्का नाही, 'प्रमाणपत्र' हा शब्द नाही. कधी कधी वडील मंडळी महाराष्ट्रातला विवाह नोंदणीचा 'नमुना ड' घेऊन येतात. त्यात लग्न लावणाऱ्याच्या सहीची जागा असते. ठिकाण पुणे लिहू, तारीख पुढची टाकू, तुम्ही फक्त सही करा. नाही. ज्यांचं लग्न परदेशात कायदेशीर झालंय त्यांनी इथे दुसऱ्या तारखेचं दुसरं लग्न नोंदवलं, तर पासपोर्टपासून व्हिसापर्यंत प्रत्येक खिडकीवर दोन तारखांचा खुलासा करत बसावं लागतं.

उलट बाजूचंही सांगते. मुलगी मराठी, मुलगा जर्मन ख्रिस्ती, तिकडे सही झाली आणि पुण्यात थाटाचं लग्न केलं. आपल्याला वाटतं हे तरी 'खरं'. पण हिंदू विवाह कायदा दोन हिंदूंसाठी आहे. या जोडप्यासाठी इथली सप्तपदीसुद्धा कायद्याच्या लेखी प्रतीकात्मकच. त्यांना भारतात कायदेशीर लग्न करायचं असतं, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा, तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग लग्नाचा वाढदिवस कुठला धरायचा?)

फॉर्मवर सहीचा. घरी कुठलाही धरा. नाशिकच्या त्या जोडप्याने मला सांगितलं, ते सप्टेंबरात गोडधोड करतात आणि मार्चमध्ये दाखल्याच्या नव्या प्रती काढून ठेवतात. एक प्रत तिच्या पर्समध्ये असते.